विकत घ्यावं की बांधावं: एका घरातल्या आर्केडचं प्रकरण

दोन भाऊ, एक घर आणि दिवाणखान्यातला एक मोकळा कोपरा. थोरला विजेची उपकरणं दुरुस्त करतो, सोल्डरिंगची सवय हातात मुरलेली. धाकट्याला स्क्रू आवळण्यात काडीचा रस नाही, पण लढतीच्या खेळांचं वेड शाळेपासूनचं. धाकट्याची मुलगी दोघांशीही खेळते आणि बहुतेक वेळा दोघांनाही हरवते. त्या कोपऱ्यात जुन्या व्हिडिओ खेळांचं आर्केड कॅबिनेट, म्हणजे गेम पार्लरमध्ये असायचं तसं उभं यंत्र, हवं, यावर तिघांचं एकमत होतं. ते तयार घ्यायचं की स्वतः बांधायचं, यावर मात्र महिनोन्‌महिने वाद चालला होता. मी या छंदात बरीच वर्षं आहे म्हणून मला मध्ये घेतलं.

"दादा, तू बांधत बसशील आणि आम्ही खेळणार कधी?" हा धाकट्याचा मुद्दा. "अरे, पण बिघडलं तर उघडायचं कोणी?" हा थोरल्याचा. दोघांचंही खरं होतं. तरीही वाद पुढे सरकत नव्हता, कारण दोघं किमतीच्या याद्या समोर ठेवून भांडत होते आणि खेळांची यादी कोणी केलीच नव्हती.

माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. "जुने खेळ" असं मोघम म्हणून चालत नाही. खरोखर रोज कोण काय खेळणार, ते नावानिशी लिहून काढायचं. त्यांच्या यादीत चारच नावं आली. थोरल्याचे तीन खेळ: १९८० चा पॅक-मॅन, १९८१ चा डाँकी काँग आणि कॅपकॉमचा १९४३ हा विमानांचा खेळ, जो १९८७ साली आला. धाकट्याचा एकच, १९९१ चा स्ट्रीट फायटर टू. मुलीने सांगितलं की तिला सगळे चालतील, पण दोघांना एकाच वेळी खेळता आलं पाहिजे. या चार नावांनी पुढचे जवळजवळ सगळे निर्णय घेतले.

कारण या यादीत दोन ठिकाणी सरळ झगडा आहे. पहिला जॉयस्टिकचा. पॅक-मॅन आणि डाँकी काँग चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी बनलेले खेळ आहेत. मूळ यंत्रात दांडी तिरकी जाऊच नये अशी रचना असायची. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर पॅक-मॅन खेळून पाहिलं की फरक कळतो. वर जाताना उजवीकडे वळायचं असतं, हात घाईत तिरका पडतो, आतले दोन मायक्रोस्विच एकदम दाबले जातात आणि खेळाला एकाच वेळी दोन हुकूम मिळतात. कधी तो वळतो, कधी सरळ निघून जातो आणि भूत समोरून येतं. पॅक-मॅनमध्ये हे फार महाग पडतं. चौकात पोचण्याच्या किंचित आधी दांडी वळवली तर पॅक-मॅन कोपरा कापून जातो, भुतांना तसं कापता येत नाही आणि त्या फरकावरच चांगला खेळाडू अंतर वाढवतो. तो क्षण हुकला की लोक स्वतःच्या हाताला दोष देतात. दोष दांडीचा असतो.

स्ट्रीट फायटर टूचं याच्या नेमकं उलट. तिथे अग्निगोळा फेकायचा तर दांडी खालून तिरकी होत पुढे गेली पाहिजे. तिरकी दिशा बंद केली तर अर्धा खेळच बंद. शिवाय तीन ठोशांची आणि तीन लाथांची अशी सहा बटणं प्रत्येकाला लागतात.

दुसरा झगडा पडद्याचा. पॅक-मॅन, डाँकी काँग आणि १९४३ हे तिन्ही उभ्या पडद्याचे खेळ. पॅक-मॅनचं मूळ चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. स्ट्रीट फायटर टू आडवा. एका कॅबिनेटमध्ये एकच पडदा बसणार, तेव्हा कोणाला तरी तडजोड करावी लागणार हे यादी लिहिली त्याच दिवशी स्पष्ट झालं.

मग पर्याय तपासले.

मूळ काळातलं, डागडुजी केलेलं यंत्र घ्यायचं का? हे आम्ही लवकर बाजूला ठेवलं, जरी माझं मन तिथेच ओढ घेत होतं. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे खेळ जसे दिसतात तसे आजच्या एलसीडीवर दिसत नाहीत, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. पण ते धूड शंभर किलोच्या आसपास जातं. ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. घरात मूल असताना ते उघडून बसणं थोरल्यालाही नको होतं. शिवाय एका यंत्रात एक खेळ. १९८५ मध्ये जामा हे जोडणीचं प्रमाण आलं तेव्हापासून कॅबिनेट तेच ठेवून आतला बोर्ड बदलणं सोपं झालं, पण यांच्या यादीतले पॅक-मॅन आणि डाँकी काँग त्याच्याही आधीचे.

हजारो खेळ भरलेल्या स्वस्त डब्यांचा विषय मी मुळातच मिटवला. त्यातले खेळ हक्कधारकांच्या परवानगीशिवाय भरलेले असतात, एकच खेळ पाच-पाच नावांनी मोजलेला असतो आणि आत काय चालू आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. चार खेळांची यादी हातात असलेल्या माणसाला हजारांच्या आकड्याचा उपयोग तरी काय?

उरलं तयार कॅबिनेट. मूळ आकाराच्या पाऊणपट उंचीची, परवाना घेतलेल्या डझनभर खेळांची कॅबिनेटं मिळतात. धाकट्याच्या एका मित्राकडे असं एक होतं, तेव्हा आम्ही तिथे जाऊन खेळलो आणि त्याच्या परवानगीने मागची फळी उघडली. चांगलं आधी सांगतो. खोका सपाट येतो, एका संध्याकाळी उभा राहतो. चित्रं देखणी, आवाज ठीक, खेळ कायदेशीर. चालू केलं की काही क्षणांत खेळ सुरू, मध्ये संगणकाच्या कसल्याही पाट्या येत नाहीत. घरातल्या पाहुण्यालाही कळावं इतकं सोपं. बांधणाऱ्यांच्या मंडळीत या गोष्टींना नाक मुरडायची पद्धत आहे, मला ती आवडत नाही.

अडचणी उघडल्यावर दिसल्या. दोन खेळाडूंच्या जॉयस्टिकमधलं अंतर तीस सेंटिमीटरही नव्हतं. दोघं भाऊ शेजारी उभे राहिले तर धाकट्याचं कोपर थोरल्याच्या बरगडीत. पाऊणपट उंचीमुळे उभ्याने खेळताना वाकावं लागत होतं आणि थोरल्याला कंबरेचा त्रास आहे. आतमध्ये तळहाताएवढा एक छोटा बोर्ड होता. त्याला जॉयस्टिकच्या आणि बटणांच्या तारा पांढऱ्या खास कनेक्टरने जोडलेल्या. पडदा त्याच बोर्डाला पट्टीने जोडलेला, बाहेरून काही लावायला एचडीएमआयची जागाच नाही. त्या मित्राचं एक बटण मेलं होतं. विक्रेत्याने सुटं बटण नाही, पूर्ण पॅनेल घ्या असं सांगितलं होतं आणि तो बिचारा एका बटणाशिवाय खेळत होता.

थोरल्याने तो कनेक्टर बोटाने दाबून पाहिला आणि फळी परत लावली. बोलला काही नाही, पण निम्मा निर्णय तिथेच झाला.

राहिलेला निम्मा निर्णय खेळांच्या परवान्याने केला. याचा विचार बांधणारे बहुधा शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे खेळ संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर, मिळायला काही अडचण नाही. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला मेम हा एम्युलेटर २०१६ पासून पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअर आहे. प्रश्न आतल्या खेळांचा. मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर मोजके जुने खेळ हक्कधारकांच्या परवानगीने मोफत उतरवता येतात, ग्रिडली आणि रॉबी रोटो त्यांतले, पण पॅक-मॅन त्यात नाही. मुलीसमोर चोरीचे खेळ खेळायचे नाहीत, यावर दोघं भाऊ ठाम होते. मला त्यांचं हे फार आवडलं. ज्यांनी हे खेळ घडवले त्यांच्या कामावर प्रेम आहे म्हणायचं आणि त्याचे पैसे मात्र द्यायचे नाहीत, हे मला कधी पटलेलं नाही.

तेव्हा अधिकृत मार्ग शोधला. पॅक-मॅन २०२२ च्या पॅक-मॅन म्युझियम प्लस या संग्रहात पीसीवर मिळतो. १९४३ आणि स्ट्रीट फायटर टू हे दोन्ही कॅपकॉमच्या २०२१ च्या आर्केड स्टेडियममध्ये पीसीवर आहेत. अडला तो डाँकी काँग. त्याची मूळ आर्केड आवृत्ती हॅम्स्टर या कंपनीने २०१८ मध्ये निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर आणली, पीसीवर नाही. आणि मुलीकडे स्विच होता.

इथे सगळं जुळून आलं. यादीतले चारही खेळ याच मार्गाने हवे असतील तर कॅबिनेटमध्ये एक छोटा पीसी लागणार, त्याच पडद्याला दुसऱ्या एचडीएमआयने स्विच जोडता यावा लागणार आणि कंट्रोल पॅनेल दोघांनाही ओळखू यावं लागणार. तयार कॅबिनेटमध्ये यातलं एकही शक्य नव्हतं. रॅस्पबेरी पाय या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावर बांधायचा थोरल्याचा मूळ बेतही इथेच गळाला. तो संगणक छोटा, कमी वीज खाणारा आणि एम्युलेटरसाठी उत्तम, पण हे अधिकृत संग्रह विंडोजसाठी आहेत. एक वापरलेला, छोट्या डब्याएवढा पीसी घेतला.

मात्र "बांधायचं" ठरलं म्हणजे सगळंच बांधायचं असं नाही. हे मी आग्रहाने सांगितलं, कारण अर्धवट राहिलेली कॅबिनेटं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि ती बहुतेक लाकडापाशी अडलेली असतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, कापताना बारीक धूळ घरभर होते, ती नाकात जाऊ नये म्हणून मास्क लागतो, कडेने स्क्रू घातला तर फळी फाटते आणि दोन बाजू हुबेहूब सारख्या कापायला यंत्र लागतं. या दोघांकडे जागाही नव्हती आणि हत्यारंही. म्हणून खोका सुताराकडून कापून घेतला, कंट्रोल पॅनेल आणि वायरिंग तेवढं स्वतःच्या हाती ठेवलं. धाकट्याची "खेळणार कधी" ही तक्रार यामुळेच आटोक्यात राहिली.

पॅनेलवर मात्र आम्ही वेळ काढला आणि तो काढायलाच हवा. आधी पुठ्ठा. ऐंशी सेंटिमीटर रुंद पुठ्ठा टेबलाच्या कडेला चिकटवला, बटणांच्या जागी बाटल्यांची झाकणं ठेवली आणि तिघांना आळीपाळीने जोडीने उभं केलं. दोन जॉयस्टिकमध्ये चाळीस सेंटिमीटर ठेवल्यावर कोपरं सुटी झाली. म्हणजे पॅनेल खोक्यापेक्षा रुंद होणार, दोन्ही बाजूंना थोडं बाहेर येणार. दिसायला ते मूळ यंत्रांसारखं सडपातळ राहिलं नाही, पण खेळायला बरं. बटणांच्या दोन ओळी सरळ रेषेत न ठेवता बोटांच्या लांबीप्रमाणे किंचित कमानीत ठेवल्या. पुठ्ठ्यावर मुलीच्या हाताला सर्वांत बाहेरचं बटण लांब पडत होतं, ते आत घेतलं. हे सगळं पुठ्ठ्यावर फुकट बदलता येतं. लाकडात तीस मिलिमीटरचं भोक एकदा पडलं की पडलं.

जॉयस्टिक सानवाच्या जेएलएफ जातीचे घेतले. त्यांच्या तळाला चौकोनी गेट, म्हणजे दांडीची चाल अडवणारी चौकट, असतं, ते फिरवून बसवलं की दांडी चार दिशांपुरती मर्यादित होते. पण त्यासाठी खालून हात घालावा लागतो. म्हणून पॅनेलला मागच्या बाजूला बिजागऱ्या लावल्या, पुढचे दोन खटके सोडले की ते मोटारीच्या बॉनेटसारखं वर उघडतं. माझ्या दृष्टीने या अख्ख्या बांधणीतली सर्वांत मोलाची गोष्ट कुठली, तर या बिजागऱ्या.

वायरिंग थोरल्याचं. प्रत्येक खेळाडूचे बारा स्विच: चार दिशा, सहा बटणं, एक स्टार्ट, एक नाण्याचं बटण. प्रत्येक स्विचची एक तार एन्कोडरकडे, म्हणजे कुठलं बटण दाबलं ते संगणकाला कळवणाऱ्या छोट्या बोर्डाकडे, दुसरी सामायिक ग्राउंडकडे. ग्राउंडची तार एका स्विचवरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी नेतात, त्यात एक जोड सैल झाला की त्यापुढची सगळी बटणं मरतात. थोरल्याने माळेची दोन्ही टोकं एन्कोडरला आणून जोडली, म्हणजे मध्ये कुठे एक जोड तुटला तरी दुसऱ्या बाजूने मार्ग शिल्लक. बटणांना सोल्डर मुद्दाम केलं नाही, सरकवून बसणाऱ्या क्लिपा वापरल्या. सोल्डरिंग येणाऱ्या माणसाने ते टाळणं मला विशेष वाटलं. बदलायला सोपं जावं, एवढंच त्याचं कारण. पीसी आणि निन्टेंडोचा स्विच दोघांनाही ओळखणारे दोन एन्कोडर घेतले, प्रत्येक खेळाडूला एक.

पडद्याचा हिशेब आम्ही कागदावर केला. २४ इंची रुंद मॉनिटर सुमारे तीस सेंटिमीटर उंच असतो. तो आडवा ठेवून त्यावर उभा खेळ लावला तर चित्र तीस बाय साडेबावीस सेंटिमीटर, म्हणजे कर्ण जेमतेम पंधरा इंच. मूळ पॅक-मॅनच्या १९ इंची ट्यूबपुढे ते खुजं. २७ इंची घेतला तर उंची साडेतेहेतीसच्या पुढे जाते, उभ्या खेळाचं चित्र साडेसोळा इंचांचं होतं आणि स्ट्रीट फायटर टूला चारास तीन या प्रमाणात २२ इंचांचं. थोरल्याने ते मान्य केलं. पडदा फिरवायची यंत्रणा करता आली असती, पण तीत खोका खूप खोल आणि रुंद होतो, आणि कोपरा होता तेवढाच होता.

घरातला जुना टीव्ही वापरावा अशी धाकट्याची सूचना होती. बटण दाबल्यावर टीव्ही किती उशिरा हलतो, याची परीक्षा फोनवरच घेतली. सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो मोशन चालू करायचा, बटण आणि पडदा दोन्ही दिसतील असा फोन धरायचा आणि बटण दबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतची चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद, चार चित्रं म्हणजे खेळाची एक फ्रेम. टीव्ही गेम मोडवर टाकल्यावर बरा झाला, तरी मॉनिटरपेक्षा मागेच. लढतीच्या खेळात धाकट्याला तो फरक न मोजताही जाणवला. स्वतःची सूचना त्याने स्वतःच मागे घेतली. मित्राच्या तयार कॅबिनेटची हीच परीक्षा घेतली होती, तिथे लॅगबद्दल, म्हणजे या उशिराबद्दल, तक्रारीला जागा नव्हती, हेही नोंदवायला हवं.

बाकी कामं पटापट झाली. आत अर्थिंग असलेलं एक्स्टेंशन, मागे हवेला जाळी, संगणक सुरू झाला की थेट खेळांची यादी दिसेल अशी मांडणी.

आता काही महिने कॅबिनेट वापरात आहे. गेट फिरवून चार आणि आठ दिशा बदलायची कल्पना कागदावर छान होती, पण रोज कोणी पॅनेल उघडत नाही. थोरला आठ दिशांवरच पॅक-मॅन खेळून चिडू लागला. उपाय पॅनेलनेच दिला. वरच्या मधल्या मोकळ्या जागेत चार दिशांचा तिसरा जॉयस्टिक बसवला आणि त्याच्या तारा पहिल्या खेळाडूच्या तारांना समांतर जोडल्या. दोन्ही दांड्या एकाच एन्कोडरला हुकूम देतात, सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदलावं लागलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी काम उरकलं. तेव्हापासून डाँकी काँगही त्याच दांडीवर चालतो. मधल्या काळात मुलीच्या खेळातल्या जोरदार लाथांनी एक बटण चिकटू लागलं होतं, ते तिने स्वतः बदललं, काका शेजारी नुसता उभा होता.

पैशांचं सरळ सांगतो: एकूण खर्च तयार कॅबिनेटपेक्षा जास्त झाला. मॉनिटर, पीसी, चांगले जॉयस्टिक, सुताराचं काम, क्लिपा दाबायची पक्कड, अधिकृत खेळ, सगळं धरून. बांधलं की स्वस्त पडतं हा समज घेऊन कोणी या वाटेला येऊ नये. घरात आधीच पडून असलेला संगणक आणि पडदा असेल तर गणित बदलतं, नाहीतर नाही.

आणि याच घरात थोरला नसता, फक्त धाकटा आणि त्याची मुलगी असती, तर मी तयार कॅबिनेटच घ्यायला सांगितलं असतं. स्ट्रीट फायटर टू असलेलं तयार कॅबिनेट मिळतं, त्यांना दुसरं फारसं काही नको होतं आणि उघडून बसायची हौस दोघांपैकी एकालाही मुळात नव्हती. मुलीला ती काकामुळे लागली. असं घेणाऱ्याने दुकानात खेळांचा आकडा विचारण्याऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात: जॉयस्टिक आणि बटणं सुटी मिळतात का, आणि पडद्याला बाहेरून दुसरं यंत्र जोडता येतं का. शिवाय जोडीदाराला घेऊनच जावं आणि दोघांनी पॅनेलसमोर शेजारी उभं राहून एक पूर्ण लढत खेळावी. कोपरं लागली, तर ती घरीही लागणार.